चाड्यावरचा हात

दिवाळी सरली आणि बुद्धभूषणनं धान भरडायचं हॉलर मशीन जुन्या ओट्यावरून उखडून टायरवर बसवलं, तेव्हा सगळ्यांत जास्त बरं वाटलं होतं ते अल्काला. सिमेंटच्या ओट्यावर मशीन सुरू झालं की घर थरथरायचं, कौलं सरकायची, आणि मधल्या भिंतीची चीर दर हंगामाला थोडी पुढं जायची. देवरीच्या मिस्त्रीनं सांगितलं, ट्रकच्या जुन्या टायरचे तुकडे खाली घाला, त्यावर सागाच्या फळ्या टाका आणि मशीन फळ्यांनाच कसा, हादरा टायर पिऊन टाकेल. तसंच केलं. जागोजागी शिवलेला जुना कातडी पट्टा उतरवला आणि नवा रबरी पट्टा चढवला. भिंत थरथरायची थांबली. अल्कानं चिरेवर माती लिंपली आणि वरून पोतेरा फिरवला.

चिचगडच्या पुढं, जंगलाला टेकून असलेल्या हेटीटोल्यात हे एकच हॉलर. गावात वीज होती, पण भारनियमनाच्या त्या वर्षांत ती दिवसाची कधी असायची आणि कधी नसायची याचा नेम नव्हता. म्हणून हॉलर डिझेल इंजिनावर चाले. इंजिन पलीकडच्या पडवीत, हॉलर अलीकडे, आणि दोघांच्या मधून पट्टा धावायचा. बुद्धभूषण इंजिनापाशी, अल्का हॉलरपाशी, अशी लग्नापासूनची वाटणी होती.

अल्काची काम करायची एक रीत होती. धान ओतायचं जे पत्र्याचं चाडं मशीनच्या डोक्यावर होतं, त्याच्या काठावर तिचा डावा हात कायम असायचा. धान भरपूर असलं की पत्रा जड हादरे, संपत आलं की हलका किणकिणे. डोळ्यांनी बघायची गरज नव्हती, हाताला कळायचं. उजव्या हातानं ती बायांचे डबे घ्यायची, ओतायची, परत द्यायची. तांदूळ एकीकडे, कोंडा एकीकडे, कनकी, म्हणजे तांदळाचा चुरा, चाळणीखाली. संध्याकाळी तिच्या पापण्यांवरही कोंडा असायचा.

गावची बाई धान घेऊन आली की चपला दाराबाहेर काढायची. धानाजवळ पायताण नेत नाहीत, अशी तिथली चाल. अल्काच्या घरचेही ती पाळत. पण तिच्या टाचा हिवाळ्यात अशा उकलायच्या की भेगेत तूस शिरून पू धरायचा. दवाखान्यातल्या बाईंनी पाय उघडे ठेवायचे नाहीत म्हणून बजावलं होतं. तेव्हापासून ती हॉलरपाशी निळ्या रबरी चपला घालून उभी राहायची. दोनचार म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली होती, पण तेवढंच.

पहिला झटका धान घेऊन आलेल्या जमुनाबाईला लागला. मार्गशीर्षातली कोरडी दुपार होती, ओठ फुटावेत अशी हवा. जमुनाबाईनं डोक्यावरचा डबा उतरवला आणि अल्काच्या हाती द्यायला गेली. बोटाला बोट लागायच्या आतच चट् असा आवाज झाला. जमुनाबाईनं डबा सोडला. धान सगळ्या भुईवर सांडलं.

"काय केलंस वं?" ती हात झटकत म्हणाली.

अल्कालाही बोटात सुई टोचल्यासारखं झालं होतं. पण तिनं ते सांगितलं नाही, खाली बसून धान भरायला लागली. तुसाचे कण तिच्या मनगटावर चढून बसत होते, झटकले तरी पुन्हा येत होते. जमुनाबाई ते बघत होती.

नंतर तो झटका इतर बायांनाही लागला. सकाळी धुकं असताना फारसं काही व्हायचं नाही, ऊन चढलं की व्हायचं. पहिल्यांदा हसण्यावारी गेलं. कोणी म्हणालं मशीनमध्ये करंट उतरला. मग अल्काची मैत्रीण दुर्पता, तिचा सासरा फागू, तो जाणता माणूस, त्यानं मशीनला फेरी घातली आणि विचारलं, "तार कोठी आहे?" तार नव्हतीच. इंजिन डिझेलचं. दिव्याची वायरसुद्धा दुसऱ्या खोलीत. "तार नाई तं करंट कोठून आला?" म्हणून फागू निघून गेला. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण तो प्रश्न गावात राहिला, आणि ज्याचं उत्तर नाही अशा प्रश्नाला माणसं आपल्या परीनं उत्तर शोधतात. मशीन जुनंच. इंजिन जुनंच. झटका लागतो तो बाईच्या हाताचा. दुपारीच लागतो. आणि पायात चपला घालून धानाजवळ उभी राहते कोण?

मग डबे दुरून यायला लागले. बाया उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकायच्या, डबा भुईवर ठेवायच्या आणि मागं सरायच्या. तांदूळ भरून झाला की अल्कानं डबा ठेवायचा, मग त्या पुढं येऊन उचलायच्या. कोणी काही बोलत नव्हतं. भाव तोच, रामराम तोच.

हिरालाल गुरुजींनी, म्हणजे अल्काच्या सासऱ्यांनी, ते एकदा पाहिलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म गेलेला माणूस, निवृत्त झाल्यावरही अंगणात पोरं जमवून बसायचा. ते कनकीची पाटी न्यायला आले होते. भुईवर ठेवलेल्या डब्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग स्वतः वाकले, डबा उचलून सुनेच्या हातात दिला, आणि त्यांनाही झटका बसला. त्यांनी डबा सोडला नाही. बाहेर गेल्यावर मात्र ते ओट्यावर बसून राहिले. त्यांच्या बापाच्या वेळी डबे असेच दुरून ठेवले जात. पाणी वरून ओतलं जाई. छप्पन साली दीक्षा घेऊन बाप नागपूरहून परत आला तेव्हा म्हणाला होता, आता हातात हात देऊनच घ्यायचं, नाहीतर घ्यायचंच नाही. हे गुरुजी कोणाला बोलले नाहीत.

खरं काय चाललं आहे ते अल्काला दुर्पतानं सांगितलं. दोघी वयानं सारख्या, मोहफुलं वेचायला एका वाटेनं जाणाऱ्या.

"मी तोंडावर सांगतो, मागून नाई," दुर्पता म्हणाली. "तुह्यात काई येते म्हनून राहिले लोकं. दुपारी येते म्हनते."

"आन् तू काय म्हनतं?"

दुर्पतानं खाली बघितलं. "मले बी लागला ना वं झटका."

त्या आठवड्यात दोन घरचं धान पलीकडच्या गावच्या हॉलरवर गेलं. बैलगाडी हॉलरच्या दारावरूनच गेली. संध्याकाळी बुद्धभूषण जेवताना ताटाकडे बघत म्हणाला, "तू थोडे दिवस घरीच राह्य. मी पाहून घेतो. लोकं विसरून जातीन."

"मी काय केलं?"

"तू काई नाई केलं. मी म्हनलो का तू केलं?"

अल्का दुसऱ्या दिवशी घरी राहिली. अंगणात बसून सूप पाखडत ती इंजिनाचा आवाज ऐकत होती. चाडं रिकामं चाललं की आवाज चढायचा, आणि तो चढत होता, कारण बुद्धभूषणला इंजिन सोडून वेळेवर येता येत नव्हतं. चाड्याच्या काठावर तो हात ठेवतच नव्हता, नुसता डोकावायचा. दिवस मावळला. कोणालाही झटका लागला नाही.

हे त्या झटक्यापेक्षा वाईट झालं. गावानं जे म्हटलं होतं त्याला जणू शिक्का मिळाला. जाऊन आलेल्या गाड्या परत दारात लागल्या. बुद्धभूषण खूश नव्हता, पण त्याच्या खांद्यावरचं काही उतरल्यासारखं दिसत होतं, आणि अल्काला तेच सहन होत नव्हतं. तिनं त्याला एवढंच विचारलं की हंगाम संपेपर्यंत, का कायमचंच? त्यानं विडी पेटवली.

त्या संध्याकाळी गुरुजींच्या अंगणात पोरं जमली होती. अल्काची मुलगी रचना कंगवा घेऊन आली. कोरड्या केसांतून कंगवा फिरवून तुसाजवळ धरला की तूस उडी मारून चिकटतं, हा खेळ तिला सापडला होता. आबा, असं काऊन होते, म्हणून ती मागंच लागली. गुरुजींना प्रश्न आवडला. त्यांनी पोरांना दोन ओळींत बसवलं, प्रत्येकाच्या बुडाखाली एकेक पोतं.

"आता बघा," ते म्हणाले. "प्रत्येक वस्तू बारीक बारीक कणांची असते. त्या कणाच्या मधात जे असते ते जाग्यावर बसलेलं, हलत नाही. ते म्हणजे हे पोतं. अन् बाहेरून जे फिरते ते चुळबुळं, त्याले इलेक्ट्रॉन म्हनते. ते म्हणजे तुम्ही. जितके पोते तितके पोरं. म्हणून सगळं शांत. कोणाले काही समजत नाही."

मग त्यांनी रचनाच्या ओळीतल्या दोघांना उठवून समोरच्या ओळीत घुसवलं. समोर रेटारेटी सुरू झाली. इकडे दोन पोती रिकामी राहिली.

"घासलं की असं होते. एकाचे सुटते, दुसरा ओढून घेते. केसाचे गेले, कंगव्यानं घेतले. आता सांगा, या ओळीत मी काही नवीन आणलं का?"

"नाई," पोरं म्हणाली.

"काहीच आणलं नाही. उलट गेलं. तरी ही ओळ आता आधीसारखी राहिली नाही. रिकामी पोती दिसून राहिली. ती कोणालेही ओढतीन. जवळून जो जाईन त्याले बसवून घेतीन. याले म्हणायचं धन भार."

"गेलं तरी धन?" एक पोरगं म्हणालं आणि सगळी हसली. गुरुजीही हसले. नाव ठेवणाऱ्यांनी ठेवलं बाप्पा, म्हणाले, मी नव्हतो तेव्हा.

अल्का चुलीपाशी कनकी निवडत होती. तिचा हात थांबला होता.

"मामाजी," ती म्हणाली, "रबर लोखंडावर घासलं तं कोनाचं जाते?"

"लोखंडाचं. रबर सोडत नाही, घेते."

"मंग लोखंड रिकामं राह्यते?"

"राहत नाही ना. लोखंडाचा पाय जमिनीवर असते. जमीन एवढी मोठी, लगेच भरून देते. समजायच्या आत." एवढं बोलून गुरुजी हॉलरच्या खोलीकडे बघायला लागले. अल्काही तिकडेच बघत होती.

"त्याचा पाय आता टायरवर आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर, गिऱ्हाईक नसताना, गुरुजी, अल्का आणि बुद्धभूषण अशा तिघांनी इंजिन सुरू केलं. अल्कानं चपला घातल्या आणि चाड्यावर हात ठेवला. थोड्या वेळात तिच्या हातावरची लव उभी राहिली. गुरुजींनी अनवाणी पायांनी पुढं येऊन तिच्या कोपराजवळ बोट नेलं. चट् झालं. मग अल्कानं चपला बाहेर काढल्या, मातीच्या भुईवर उघडे पाय टेकले आणि चाड्याजवळ बोट नेलं. पत्र्यातून तिच्या बोटाला असा झटका बसला की कोपरापर्यंत मुंग्या गेल्या.

गुरुजींनी तिला समजावून सांगितलं. रबरी पट्टा लोखंडी चाकावरून सुटताना त्याचे इलेक्ट्रॉन घेऊन जातो. मशीन रितं होत जातं, टायरमुळं जमिनीकडून भरून घेता येत नाही. चपला घालून चाड्याला धरून उभी असलेली अल्काही त्याच्याबरोबर रिती होत जाते. मग अनवाणी बाई जवळ आली की तिच्या बोटातून, म्हणजे जमिनीतून, भरपाई होते. एका क्षणात.

"म्हंजे मी त्यायले काई देत नाई," अल्का म्हणाली.

"देत नाहीस. तू तर मागून राहिली."

बुद्धभूषणनं सगळं ऐकून घेतलं आणि लगेच तारेचं वेटोळं आणि लोखंडी सळई काढली. उपाय सोपा होता. मशीनला तार बांधायची, दुसरं टोक सळईला, आणि सळई इंजिनाच्या पाण्याच्या टाकीपाशी ओल्या जमिनीत ठोकायची. रिकामं व्हायच्या आत भरत जाईल. तो कुदळ घेऊन निघाला तेव्हा अल्कानं त्याला अडवलं.

"कोनाले न दाखवता पुरली तं काय म्हनतीन लोकं? हॉलरखाली काईतरी पुरलं म्हनतीन. मंग झटका बंद झाला की म्हनतीन, पाहा, उतारा केला तवा बंद झाला."

बुद्धभूषण कुदळीच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभा राहिला. बायकोचं खरं होतं. तार लपवून घातली तर मशीन सुधारेल, अल्का तशीच राहील.

"सांगून पाहू," गुरुजी म्हणाले. आणि त्यांनी सांगून पाहिलं. दुपारी धान घेऊन आलेल्या चारपाच बायांना, त्यांत दुर्पताही होती, ओट्यावर बसवून त्यांनी कंगवा दाखवला, पोत्यांची गोष्ट सांगितली. बायांनी मान डोलावली. गुरुजींचा मान मोठा, त्यांच्या हाताखाली बहुतेकींची पोरं शिकलेली. जमुनाबाई म्हणाली, "तुमचं बराबर असन गुरुजी. पुस्तकातलं खोटं कायले राहीन. पन मंग तिले काऊन नाई लागत?"

अल्का दारात उभी होती. ती आत गेली आणि बुद्धभूषणला म्हणाली, इंजिन सुरू कर.

पट्टा धावायला लागला. अल्का चाड्यापाशी येऊन उभी राहिली. तिनं चपला काढल्या. टाचांच्या भेगा सगळ्यांना दिसल्या, एका भेगेतून रक्त आलेलं. तिनं त्या उघड्या टाचा तुसाच्या भुईवर टेकल्या, थोडा वेळ थांबली, आणि सगळ्यांसमोर चाड्याकडे बोट नेलं. चट् झालं. तिचा चेहरा आक्रसला. तिनं बोट तोंडात धरलं.

"मले बी लागते," ती म्हणाली. "चपला असल्या तं कमी लागते, आन् नसल्या तं तुमच्याएवढा लागते."

मग तिनं निळ्या चपला उचलल्या आणि दुर्पतासमोर ठेवल्या.

"तू घाल."

दुर्पता चपलांकडे बघत राहिली. धानाजवळ चपला. त्याही दुसरीच्या पायातल्या, आणि कोणाच्या, हेही तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. जमुनाबाईनं तोंड फिरवलं. इंजिन धडधडत होतं आणि चाडं रिकामं चाललं होतं. पत्रा हलका किणकिणत होता.

"घाल," अल्का म्हणाली. "तुले माह्यात काई येते असं वाटत असन, तं नको घालू."

दुर्पतानं चाड्याला हात लावून कपाळाला लावला, बहुतेक धानाची माफी मागितली. तो हात लावताना तिलाही झटका बसला आणि ती चरफडली. मग तिनं पाय चपलांत सरकवले. चपला तिला मोठ्या होत होत्या. अल्कानं तिचा हात धरून चाड्याच्या काठावर ठेवला आणि स्वतः बाजूला झाली.

"आता राह्य अशीच. काढू नको हात."

दुर्पता उभी राहिली. थोड्या वेळानं ती आपल्या दंडाकडे बघायला लागली. लव उभी राहत होती. पदराची किनार चाड्याकडे ओढली जात होती. खालचं तूस उडून तिच्या मनगटावर बसलं.

"जमुनाकाकी," अल्का म्हणाली, "डबा द्या तिच्या हाती."

जमुनाबाई उठली. तिला नाही म्हणता आलं असतं, पण मागं चार बाया होत्या. तिनं डबा उचलला, पुढं आली आणि दुर्पताकडे धरला. दुर्पतानं हात लांब केला. चट् झालं, आणि दोघी एकदम ओरडल्या.

"मेली, तुह्यात बी येते का वं?" जमुनाबाई म्हणाली.

मागच्या बाया हसायला लागल्या. आधी एक हसली, मग सगळ्या. दुर्पता हसता हसता चपलांतून बाहेर आली आणि एवढी मोठी कायले घालतं वं, म्हणून अल्कावर खेकसली. जमुनाबाई हात झटकत होती, पण तीही हसत होती. मग सगळ्यांना चपला घालून बघायचं होतं. बराच वेळ हॉलर नुसतंच चाललं. डिझेल जळत होतं म्हणून बुद्धभूषण पलीकडून ओरडला, पण कोणी लक्ष दिलं नाही. गुरुजी ओट्यावर बसून बघत होते. हातातला कंगवा त्यांनी खिशात ठेवून दिला होता.

तार त्याच संध्याकाळी घातली, सगळ्यांच्या देखत. फागूनं खड्डा खणला. सळई ठोकताना त्यानं खाली वाकून पाहिलं की आत दुसरं काही नाही ना, आणि पोरांनीही वाकून पाहिलं. रचनानं टाकीतलं पाणी त्यावर ओतलं.

दुसऱ्या दिवशी ऊन तसंच कोरडं होतं. अल्का टाचांना तेल लावून, चपला घालून हॉलरपाशी उभी होती. डावा हात चाड्याच्या काठावर. जमुनाबाई डबा घेऊन आली. तिनं चपला दाराबाहेर काढल्या, उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकलं आणि सवयीनं खाली वाकली. डबा भुईला टेकायच्या आत ती थांबली. मग सरळ झाली, पुढं आली आणि डोळे गच्च मिटून डबा समोर धरला.

अल्कानं उजवा हात पुढं केला. तिची बोटं जमुनाबाईच्या बोटांवरून डब्याच्या कडीला लागली. काही झालं नाही. जमुनाबाईनं एक डोळा उघडला, मग दुसरा. डबा दोघींच्या हातांत होता. चाडं रिकामं होत चाललेलं अल्काच्या डाव्या हाताला कळत होतं.

"सोडा ना आता काकी," ती म्हणाली.